वरणात मिसळलेली गोळी: दारू सोडवणाऱ्या औषधांची गोष्ट

इअरफोन लावलेत ना? लावा. कारण आजचा विषय घरात मोठ्यानं लावला, तर कुणीतरी गुपचूप उठून दुसऱ्या खोलीत जाईल. आमच्या घरात तरी असंच व्हायचं.

विषय आहे दारू सोडवणारी औषधं. ती आली कुठून, त्यांच्या जोडीला बोलणं, म्हणजे काउन्सेलिंग, का लागतं, आणि हे कळायला जगाला किती वर्षं लागली. आमच्या घराला सहा वर्षं लागली. तिथूनच सुरू करतो.

२०११ साल. मी नववीत होतो. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, कपाशीची शेती, एकत्र कुटुंब. काका रोज प्यायचे. माणूस एरवी सोन्यासारखा. मला सायकल शिकवली ती त्यांनीच. पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप भट्टीकडे वळायचे. आजीला कुणीतरी सांगितलं की एक गोळी येते. चव नाही, वास नाही, न सांगता जेवणात मिसळायची, दारू सुटते. अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील, एसटी स्टँडच्या भिंतीवर, पेपरच्या कोपऱ्यात. आजीनं गोळ्या मागवल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि काकांच्या वरणात टाकायला लागली.

चौथ्या दिवशी काका पिऊन आले आणि ओट्यावरच बसले. चेहरा लालबुंद. छाती इतकी धडधडत होती की शर्ट हलताना दिसत होता. मग उलट्या, मग घाम, मग शुद्धच हरपली. शेजारच्यांच्या जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "यांना घरून काही दिलंय का?" तेव्हा आजी जी रडायला लागली, ती थांबेचना.

काका वाचले. सकाळी शुद्धीवर आल्यावर सगळं कळलं, तेव्हा अहिराणीत एवढंच म्हणाले, "माले कोनी इचारं का?" मला कुणी विचारलं का?

हा प्रश्न लक्षात ठेवा. आजचा अख्खा एपिसोड त्याच्यावर आहे.

आता जरा लांब जाऊ. आजीनं कुटलेली गोळी बहुतेक डायसल्फिराम होती. डॉक्टरांचा तोच अंदाज होता. हे औषध दारू सोडवण्यासाठी कुणी शोधलेलंच नव्हतं. रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेत या जातीची रसायनं वापरायचे. १९३७ साली ई. ई. विल्यम्स नावाच्या अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की या रसायनांजवळ काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झालीय. थोडी घेतली तरी तोंड लाल, छातीत धडधड. बिचारे नाइलाजानं निर्व्यसनी झाले होते! याचा दारू सोडवायला उपयोग होईल का, असं विल्यम्स यांनी लिहूनही ठेवलं. पण कुणी पुढे नेलं नाही.

दहाएक वर्षांनी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक याच रसायनाचा पोटातल्या जंतांवर उपयोग होतो का ते बघत होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे गोळ्या आधी स्वतः घेऊन पाहिल्या. नंतर थोडी दारू घेतली आणि दोघांचेही हाल झाले. तिथं त्यांची ट्यूब पेटली. १९४८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि ‘अँटाब्यूज’ या नावानं गोळी जगभर गेली. १९५१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

गोळी करते काय? दारू शरीरात गेली की लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं, आणि मग दुसरं एक एन्झाइम त्या विषाची विल्हेवाट लावतं. डायसल्फिराम या दुसऱ्या एन्झाइमला बंद पाडतं. मग विष साठत जातं. काकांचं जे झालं ते हेच. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हृदय किंवा लिव्हर कमजोर असेल तर जिवावर बेततं.

सुरुवातीच्या काळात डॉक्टरही चुकले, बरं का. डोस आजच्या कितीतरी पट जास्त द्यायचे. पेशंटला दवाखान्यात मुद्दाम दारू पाजून ‘बघ, काय होतं ते’ असं दाखवायचे. काही मृत्यू झाले, मग डोस कमी झाले. आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. ज्याला सोडायचीच नाही, तो दारू सोडत नाही, गोळी सोडतो. साधं लॉजिक आहे.

म्हणजे नुसती भीती पुरत नाही. मग आपल्याकडे गोळी नव्हती तेव्हा लोक काय करायचे?

आपल्या खान्देशाचाच इतिहास बघू. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल वस्त्यांत मोहाच्या फुलांची दारू पूर्वापार होती, सणाला, लग्नाला, देवाला. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा धंदा सरकारी परवान्याखाली आणि मक्तेदारांच्या हातात गेला. घरची वस्तू दुकानातून विकत घ्यायची झाली. दुकान आलं की उधारी आली आणि उधारीत जमीन जायला लागली.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा भागात गुलाम महाराज उभे राहिले. तेव्हाचा पश्चिम खान्देश, आताचा नंदुरबार जिल्हा. त्यांनी भिल्ल समाजाला सांगितलं, दारू सोडा, स्वच्छ राहा, एकत्र येऊन आरती करा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्यांना सगळे अरे-तुरे करायचे, त्यांनी आपसात ‘आप’ म्हणायचं, ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा! हजारो लोक जमायला लागले. १९३८ मध्ये गुलाम महाराज वारले, पण त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी चळवळ पुढे चालवली.

मला यात एक गोष्ट दिसते. ‘दारू वाईट’ हे सांगणारे आधीही होते. गुलाम महाराजांनी सोबत मान दिला आणि सोबती दिले. आज ज्याला आपण ग्रुप थेरपी म्हणतो, त्याचं मूळ हेच नाही का? एकट्यानं नाही, चारचौघांत आणि ताठ मानेनं.

नंतर सरकारनं कायद्याचा रस्ताही धरून पाहिला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. महाराष्ट्रात कागदोपत्री दारू प्यायला आजही परवाना लागतो. कायद्यानं दुकान बंद करता येतं, पण सवय लागलेल्या माणसाच्या मेंदूचं काय करायचं हे कायदा सांगत नाही.

आणि शपथेचीही एक मर्यादा आहे. ती आम्ही घरात पाहिली. २०१४ मध्ये काकांनी स्वतःच्या मनानं माळ घातली. एका दिवसात दारू बंद. आम्हाला वाटलं, जिंकलो! दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरता येईना. तिसऱ्या रात्री अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून ओरडायला लागले. मुंग्या कुठेच नव्हत्या. मग फिट आली. गावात कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे. शेवटी कुणीतरी दारूच पाजली आणि काका शांत झाले. माळ काढून देवघरात ठेवली.

गाव म्हणालं, "याच्यात मनच नाही." मीही तेच म्हणालो. सतरा वर्षांचा होतो, सगळं कळतंय असं वाटायचं.

आता कळतं की मनाचा संबंधच नव्हता. वर्षानुवर्षं रोज दारू घेतली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. दारू मेंदूला शांत करते, म्हणून मेंदू स्वतःचा ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो. दारू अचानक काढली की ब्रेक जातो आणि ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. थरथर, भास, फिट्स. यातून माणूस मरूही शकतो. १९६० साली ‘लिब्रियम’ नावाचं औषध बाजारात आलं आणि या अवस्थेवरचा उपचार बदलला. आता डॉक्टर या जातीची औषधं काही दिवस देतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. सोबत व्हिटॅमिन बी-१, कारण दारूनं ते संपलेलं असतं. याला डीटॉक्स म्हणतात. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद कर’ असं सांगू नका. ‘चल, डॉक्टरकडे जाऊ’ असं सांगा.

तर आमच्या घराचा स्कोअर काय झाला? २०११ मध्ये औषध होतं, बोलणं नव्हतं. २०१४ मध्ये निश्चय होता, औषध नव्हतं. दोन्ही वेळा आम्ही हरलो.

ही दोन टोकं एकत्र आणण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली होती. कॉलेजची पोरं त्यात सापडत होती. अनिल अवचट यांनी त्या पोरांमध्ये फिरून, बसून, त्यावर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला त्या मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू झालं.

तिथली पद्धत बघा. आधी शरीराचा त्रास औषधांनी आवरायचा, कारण ज्याचं अंग थरथरतंय त्याला उपदेश ऐकू येत नाही. मग गटात बसायचं, बोलायचं, व्यायाम, योग, कामं. पाच आठवड्यांचा मुक्काम. पेशंटशी बोलणाऱ्यांत असे कार्यकर्ते, जे स्वतः कधी त्याच बाजूला बसले होते. बायकांसाठी वेगळा गट, कारण आजार एकाला झाला तरी तो भोगतं अख्खं घर. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. मुक्ता पुणतांबेकर, त्यांची मुलगी, आज ते काम पुढे नेतेय.

ठीक आहे, पण पुरावा काय? इंजिनिअर आहे, डेटा बघितल्याशिवाय झोप येत नाही. दोन अभ्यास सांगतो.

पहिला आपल्या मुंबईचा. २००४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ अविनाश आणि ॲलन डिसूझा यांनी तो प्रसिद्ध केला. दारूचं व्यसन असलेले १०० पुरुष घेतले. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. हे दुसरं औषध भीती घालत नाही, दारूतून मिळणारी मजा आणि ओढ कमी करतं. वर्षभरानंतर डायसल्फिरामच्या गटात ८६ टक्के लोक टिकले, नाल्ट्रेक्सोनच्या गटात ४४ टक्के. थांबा, लगेच मेडिकलवर पळू नका! दारूची ओढ नाल्ट्रेक्सोनच्या गटात जास्त कमी झाली होती. आणि मुख्य म्हणजे, या पेशंटना घरची साथ होती. औषध नीट घेतलं जातंय ना, याकडे घरचं माणूस लक्ष ठेवत होतं, पेशंटच्या डोळ्यांसमोर, त्याला माहीत असताना.

गोळी तीच, जी आजीनं वरणात कुटून टाकली होती. मुंबईत ती उघडपणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्याच्या संमतीनं दिली. फरक एवढाच, पण फरक केवढा!

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २००६ चा, ‘कम्बाइन’ नावाचा. १,३८३ लोक. यात एक मजेशीर निकाल आला, आणि तो माझ्या थिअरीच्या विरुद्ध जातो म्हणून मुद्दाम सांगतो. नाल्ट्रेक्सोननं फायदा झाला. तज्ज्ञांच्या खास काउन्सेलिंगनंही फायदा झाला. पण दोन्ही एकत्र केल्यावर फायदा दुप्पट झाला नाही.

म्हणजे नुसती गोळी चालते का? मीही आधी तसंच वाचलं. मग नीट बघितलं. ज्यांना ‘नुसती गोळी’ मिळत होती, त्यांनाही चार महिन्यांत नऊ वेळा डॉक्टर किंवा नर्स भेटत होते. गोळी घेतली का, प्यायलात का, काय अडचण आली, चला पुढच्या वेळी बघू, असं विचारत होते. म्हणजे एकटी गोळी तिथंही नव्हतीच. प्रत्येक गोळीमागे विचारपूस करणारं माणूस होतं.

आणि हे माणूस मोठी डिग्रीवालंच हवं असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत प्रयोग केला. व्यसनाच्या टोकाला अजून न गेलेल्या, पण पिण्यानं नुकसान होत असलेल्या ३७७ पुरुषांवर. प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी त्यांच्याशी मोजक्या भेटींत बोलायचं. तीन महिन्यांनी, बोलणं मिळालेल्यांपैकी जास्त लोकांचं पिणं आटोक्यात आलं होतं.

आता परत आमच्या ओट्यावर.

२०१७. मी बीटेकला होतो. काकांची लेक, आमची ताई, तिचं लग्न ठरत होतं, आणि पाहुण्यांसमोर काका पडले. दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला विचारते. डॉक्टरकडे यायचं का? नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही." सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. काका दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून तयार होऊन बसले.

दवाखान्यात आधी डीटॉक्स झालं. या वेळी मुंग्या आल्या नाहीत. मग डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी केली, ईसीजी काढला आणि डायसल्फिरामबद्दल सगळं समजावून सांगितलं. हे घेऊन प्यायलात तर काय होईल ते. काका म्हणाले, "माहीत आहे. मी पाहिलंय." त्यांनी सही केली. रोज सकाळी काकू सगळ्यांसमोर चहाबरोबर गोळी द्यायची. दर आठवड्याला काउन्सेलरची भेट, एकदा काकूसकट.

मी एकदा विचारलं, "काका, गोळीनं नक्की काय होतं हो?" ते म्हणाले, "सकायले एक डाव नही म्हनानं. मंग दिवसभर म्हनानी गरज नही." सकाळी एकदा ‘नाही’ म्हणायचं, मग दिवसभर पन्नास वेळा म्हणावं लागत नाही. एवढे पेपर वाचले मी, पण याच्यापेक्षा सोपं कुठे सापडलं नाही.

पण गोळी त्यांना फक्त वेळ मिळवून देत होती. रिकाम्या संध्याकाळी करायचं काय, जुने दोस्त बोलावतील तेव्हा कुठल्या रस्त्यानं घरी यायचं, ताईची माफी कशी मागायची, हे गोळीत नव्हतं. ते त्या आठवड्याच्या खुर्चीत होतं.

सगळं गोड झालं का? नाही. पुढच्या वर्षी काकांनी गोळी बंद केली, "आता मी बरा झालो" म्हणून, आणि पोळ्याला घसरले. तीन दिवस. पण या वेळी चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः काउन्सेलरला फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत. शुगर वाढली म्हणून डायबिटीसच्या पेशंटला कुणी घरातून हाकलतं का? तसंच हे. त्यानंतर आजपर्यंत काका प्यायलेले नाहीत. गोळीही डॉक्टरांनीच बंद केली.

आता एक आकडा. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा, २०१९ मध्ये जाहीर झालेला. भारतात दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलातरी उपचार मिळतो. एकाला! उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालत असेल? कुठे शपथा, कुठे मारहाण, कुठे वरणात गोळी.

म्हणून तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो. न सांगता कुणालाही गोळी देऊ नका, भिंतीवरची जाहिरात काहीही म्हणो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका, आधी डॉक्टर. आणि सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं जा. सगळ्यात आधी मात्र त्या माणसाला विचारा. आज नाही म्हणेल. महिन्याभरानं पुन्हा विचारा.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या वर्षांत तिला हातानं जेवता येत नव्हतं. काकाच तिला वरणभात भरवायचे. तेच वरण, जे त्यांनी सहा वर्षं तोंडाला लावलं नव्हतं.

हा एपिसोड कुणाला पाठवावासा वाटला, तर पाठवण्याआधी त्याला एक फोन करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या मंडळी!